चार शब्दांची मुलगी

तंजावरचं मराठी राज्य १८५५ साली खालसा झालं; पण कुंभकोणमजवळच्या सुंदरपेरुमाळ कोयिल गावातल्या एका घरात मराठी टिकून होती. ओसरीवर तमिळ, माजघरात मराठी. त्या घरात पाच वर्षांची एक नात होती. तिला डाऊन सिंड्रोम होता.

कुंभकोणमहून वाचा-उपचार करणाऱ्या बाई चित्रांची कार्डं घेऊन आल्या. गाय, छत्री, घड्याळ... एकेक कार्ड समोर धरून त्या तमिळमध्ये विचारत, ‘हे काय?’ चार कार्डांना पोर बोलली आणि आजीच्या पदराआड गेली. बाईंनी लिहिलं : शब्द चार.

बाप खचला. ‘शेजारी म्हणतात, दोन भाषांनी पोरीचा गोंधळ होतो. मराठी बंद करू का?’

आजी म्हणाली, ‘बाई, उद्या सकाळी नुसत्या येऊन बसा. मग काय ते लिहा.’

बाई आल्या. दूधवाला दारात येताच पोर तमिळमध्ये म्हणाली, ‘पाल’, म्हणजे दूध. तेच दूध चुलीवर चढलं, तेव्हा आजीला म्हणाली, ‘दू.’ आगगाडीची शिट्टी झाली. तिने दोन्ही कोपरं चाकांसारखी फिरवली. आजीने समोर बसून सांगितलं, ‘आजोबांची चप्पल आण.’ तिने बरोबर तीच आणली. मागून हाक मारली, तेव्हा मात्र वळली नाही.

बाईंनी वहीत तीन रकाने आखले : कळलेलं, बोललेलं, हाताने सांगितलेलं. दुपारपर्यंत पान भरलं.

मग त्या बापाला म्हणाल्या, ‘या मुलांना बोलता येतं त्याहून जास्त कळतं. “दू” अर्धवट असलं तरी ती दुधालाच म्हणते ना? मग तो शब्दच. दोन भाषांमुळे अशी मुलं आणखी मागे पडतात, असं अभ्यासांत दिसलेलं नाही. दोन्हीकडचे शब्द मोजायचे. मराठी बंद केलीत तर आजीशी बोलणंच खुंटेल. आधी कान दाखवा; या मुलांच्या कानात अनेकदा पडद्यामागे पाणी साचतं, तसं असेल.’

तसंच निघालं. उपचार सुरू झाले. स्वयंपाकघराच्या भिंतीवर यादी लागली. आई तमिळ शब्द लिही, आजी मराठी.

काही महिन्यांनी शेजारीण विचारू लागली, ‘चाराचे किती झाले?’

आजी म्हणाली, ‘वाढले खरे. पण चार कधीच नव्हते.’

तात्पर्य : मुलाचे शब्द मोजायचे, तर ते जिथे, ज्यांच्याशी आणि ज्या भाषेत बोलतं, तिथे जाऊन मोजावेत.