बसायची जागा

माणसाची पायरी तो कुठे पोचला यावरून कळत नाही. पोचण्याआधी त्याला कुठे बसवून ठेवलं होतं, यावरून ती कळते, असं माझं बऱ्याच वर्षांच्या वाट पाहण्यानंतर झालेलं मत आहे. दवाखान्यात बाकावर बसणारा आणि मागच्या दाराने आत घेतला जाणारा, दोघांचा ताप एकच असतो, गोळ्याही त्याच मिळतात. पण एकाला आपण आजारी वाटतो आणि दुसऱ्याला आपण प्रतिष्ठित वाटतो. देवाच्या दारीही तीच गोष्ट. आमच्याच जिल्ह्यात त्र्यंबकेश्वरला दोनशे रुपयांची देणगी दर्शनाची पावती फाडली की रांग आखूड होते. महादेव तोच, बेल तोच, फक्त वाट पाहणं कमी होतं. खुद्द विठोबाला मात्र अशी सवलत मिळाली नाही. पुंडलिक आईबापांची सेवा करत होता, देव दारात येऊन उभा राहिला, तर यानं हातातलं काम न सोडता एक वीट मागे भिरकावली. जगातलं पहिलं प्रतीक्षालय ते! सोय काय, तर एक वीट. आणि तीही बसायला नव्हे, उभं राहायला. देवानं तक्रार केल्याचं कुठे नोंदलेलं नाही.

माझं स्वतःचं वाट पाहण्याचं शिक्षण सुरगाण्याच्या एस.टी. स्टँडवर झालं. सुरगाणा म्हणजे नाशिक जिल्ह्याचं गुजरातकडचं टोक. डोंगर, साग, नागली आणि चार महिने पाऊस. पूर्वी हे देशमुखांचं छोटंसं संस्थान होतं, ते १९४८ साली विलीन झालं. त्याच वर्षी १ जूनला पुणे–अहमदनगर रस्त्यावर एस.टी.ची पहिली गाडी धावली. राजे गेले आणि एस.टी. आली, एकाच वर्षात. सुरगाण्यापर्यंत पोचायला तिला आणखी वेळ लागला असणार. अजूनही लागतो. पूर्वी लोक राजाची वाट पाहत, नंतर नाशिक गाडीची पाहू लागले. सवय मोडली नाही एवढंच.

त्या स्टँडवर बाक एकच प्रकारचा. तहसील कचेरीतला कारकून, टोपलीत कोंबडी घेऊन निघालेली म्हातारी, बदलीचा अर्ज घेऊन जिल्हा परिषदेकडे निघालेला शिक्षक आणि कामाच्या शोधात नाशिककडे चाललेली पाड्यावरची चार पोरं, सगळी त्याच बाकावर. पाऊस तिरपा आला की सगळ्यांचेच पाय भिजत. मी इथे शाळेत तीसेक वर्षं काढली, पण वाट पाहण्यासाठी वेगळी खोली असावी, असं कुणाला सुचल्याचं आठवत नाही.

आता तुम्ही म्हणाल, व्वा, काय समता! तर तसं नाही. मी स्टँडवर शिरलो की एखादा कोकणा म्हातारा आपलं मुटकुळं उचलून उभा राहायचा आणि म्हणायचा, "बसा गुरुजी." आणि मी बसायचो. न बसणं हा त्याचा अपमान झाला असता. कदाचित त्याच्या नातवाला मी वर्गात उभं केलेलं असायचं, आणि आजोबा माझ्यासाठी उभे राहायचे; असा त्या घराण्याचा आणि माझा संबंध. पण एक होतं. मला जागा कुणी दिली ते दिसायचं. तो समोर उभा असायचा. त्याचे पाय दिसायचे, पायांतल्या भेगा दिसायच्या. त्यामुळे जरा सरकून, "तुम्हीपण टेका की बाबा," असं म्हणावंच लागायचं. दोघांच्या जागेत तिघं बसायचो. ही माझी सज्जनता नव्हे. समोर उभ्या माणसाकडे पाहत ऐसपैस बसणं फार कठीण असतं, एवढंच.

साहेबानं ही अडचण ओळखली आणि भिंत बांधली. रेल्वेत वरच्या वर्गाचं वेटिंग रूम वेगळं, खालच्या वर्गाचं वेगळं आणि तिसऱ्या वर्गाला फलाटाची फरशी. १९७४ साली तिसरा वर्ग बंद झाला. माणसं तीच राहिली, आकडा सुधारला. पण प्रतीक्षालयाच्या इतिहासात सगळ्यांत मोठं काम केलं ते मात्र एका अंधाऱ्या खोलीनं. ७ जून १८९३ च्या रात्री पीटरमॅरित्झबर्गच्या स्टेशनवर मोहनदास गांधी नावाच्या तरुण बॅरिस्टरला पहिल्या वर्गाचं तिकीट हातात असताना डब्यातून उतरवलं आणि त्यांनी ती रात्र तिथल्या प्रतीक्षालयात काढली. थंडी कडाक्याची. ओव्हरकोट सामानात, सामान रेल्वेच्या ताब्यात. मागावा तर पुन्हा अपमान व्हायचा म्हणून मागितला नाही. खोलीत दिवा नव्हता. तिथे मऊ सोफा, गरम कॉफी आणि वाचायला सचित्र मासिकं असती तर हिंदुस्थानचं काय झालं असतं, हा विचार माझ्या मनात अधूनमधून येतो. आरामात बसलेल्या माणसाला सहसा काही सुचत नाही. मला तरी सुचत नाही.

विमानवाल्यांचा लाउंज हा या घराण्यातला धाकटा आणि लाडावलेला मुलगा. १९३९ साली न्यूयॉर्कच्या लागार्डिया विमानतळावर अमेरिकन एअरलाइन्सनं आपल्या मानकऱ्यांसाठी एक खोली उघडली, आणि आत कोणाला घ्यायचं ते कंपनी ठरवी. म्हणजे निदान आत बसलेल्याला आपण मोठे आहोत याची खात्री असे. आपल्याकडे हल्ली तसं राहिलेलं नाही. बँकेच्या कार्डावर लाउंज मिळतो. माझ्यासारख्या पेन्शनरच्या खात्याला बँकेनं एक कार्ड जोडलं आणि भाच्यानं ते उलटंसुलटं करून सांगितलं, "मामा, यावर तीन महिन्यांतून एकदा विमानतळावर फुकट खाता येतं. दोन रुपये कापतात फक्त." दोन रुपयांत सुरगाण्याच्या स्टँडवर हल्ली अर्धा चहाही येत नाही.

मी हिशेबी माणूस. दोन रुपयांत पोटभर नाश्ता कोण देतं? चौकशी केली तेव्हा कळलं, की आपल्या प्लेटचे पैसे बँक किंवा कार्डवाली कंपनी त्या लाउंजला भरते. आणि बँकेकडे पैसे कुठून येतात? तिच्या गिऱ्हाइकांकडून. त्यांतली किती तरी गिऱ्हाइकं जन्मात विमानात बसणार नाहीत. म्हणजे इथेही कुणी तरी माझ्यासाठी उभा आहेच. फक्त तो दिसत नाही, "बसा गुरुजी" म्हणत नाही, आणि मला सरकावं लागत नाही. मला वाटतं, या सगळ्या व्यवस्थेची खरी चैन सोफ्यात नसून या न दिसण्यात आहे. पुढे गर्दी फार वाढली तेव्हा २०२४ च्या सुमारास अनेक बँकांनी अट घातली, की आधीच्या तिमाहीत अमुक हजार रुपये खर्च केले असतील तरच आत. काटकसर करणाऱ्याला बाहेर आणि उधळ्याला आत! आम्ही वर्गात तीस वर्षं जे शिकवलं त्याच्या नेमकं उलट.

असो. मुलगी बंगळूरला असते. ओझरहूनही विमान सुटतं, पण तिनं तिकिटं मुंबईची काढली होती, स्वस्त पडली म्हणून. सुरगाण्याहून नाशिकपर्यंत एस.टी.नं गेलो. सौ.चं तिकीट अर्धं, कारण २०२३ पासून बायकांना अर्धं आहे. माझं अर्धं, कारण माझी पासष्टी उलटली आहे. कंडक्टरनं आमच्याकडे एकदा पाहिलं आणि दोन अर्धी मिळून एक हिशेब केला. त्याला आमचे गुडघे दिसत होते.

मुंबईच्या विमानतळावर मात्र गुडघे कुणी बघत नाही. लाउंजच्या दारातल्या मुलीनं कार्ड घासलं आणि गोड आवाजात सांगितलं, "सर, यावर एकच व्यक्ती." दुसऱ्या व्यक्तीचा रोख दर विचारला, तेव्हा तेवढ्या पैशांत आम्ही दोघं सुरगाणा–नाशिक तीन-चारदा जाऊन आलो असतो, असा हिशेब निघाला. मी म्हटलं, "मग माझ्याऐवजी हिला सोडा. हिचे गुडघे दुखतात." मुलगी म्हणाली, "सॉरी सर, कार्डावर नाव तुमचं आहे."

मला एकदम महाप्रस्थान आठवलं. धर्मराज स्वर्गाच्या दारात उभा, इंद्र रथात बसायला सांगतोय आणि धर्म म्हणतोय, हा कुत्रा माझ्याबरोबर आलाय, त्याला टाकून मी येणार नाही. हे मी सौ.ला जरा रंगवून सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे मी कुत्रं का?"

उपमा नीट निवडली पाहिजे. पण प्रश्न खराच होता. मी आत गेलो नाही, तर तिचे गुडघे थांबणार होते का? नाही. एक सोफा रिकामा राहिला असता आणि दोघंही लोखंडी खुर्च्यांवर कुडकुडलो असतो. जो त्याग कुणाच्याच उपयोगी नाही त्याला त्याग म्हणायचं की दिखाऊपणा? तसं पाहिलं तर महाभारतानं याचं उत्तर देऊन ठेवलंय. धर्म स्वर्गात पोचतो तर तिथे दुर्योधन आधीच ऐटीत बसलेला (बहुधा कार्ड चांगलं असावं), आणि भाऊ व द्रौपदी नरकात. धर्म तिकडे जातो तेव्हा अंधारातून आवाज येतात: थांब, तू आलास तर अंगावर सुखद वारा आला. तेवढ्यावर तो ठरवतो, मी इथेच राहतो. त्याच्या थांबण्यानं कुणाची सुटका होत नाही, नुसता वारा लागतो. पण त्याला ते पुरेसं वाटलं.

माझ्या अंगावरून असा वारा येतो की नाही, हे मी सौ.ला विचारलं. ती म्हणाली, "इथे एसी इतका आहे की आणखी वारा नको. जा तुम्ही आत. नाही तर बंगळूर येईपर्यंत मला तोच लाउंज ऐकवाल." आणि तिनं पिशवीतून शाल काढली, नागलीच्या भाकरीचं फडकं काढलं आणि शेजारच्या बाईला विचारलंही, "कुठल्या तुम्ही?"

मी आत गेलो. सोफा उत्तम होता, खोटं कशाला बोला. पाठ टेकल्याबरोबर पहाटे चारपासूनचा एस.टी.चा प्रत्येक खड्डा एकेक करून उतरून गेला. ज्यांना असल्या सुखांचा तिटकारा वाटतो ते बहुतेक पाठ न दुखणारे लोक असतात. बाकी आत गर्दी बरीच होती. माणसं ताटल्या घेऊन खुर्ची शोधत फिरत होती आणि एका चार्जिंगच्या भोकावरून दोन सुटाबुटातले गृहस्थ हळू आवाजात भांडत होते. कोपऱ्यात आणखी एक काचेचं दार होतं. त्यातून आत जायला निराळं कार्ड लागे, आणि आमच्यातले बरेचजण पोहे खाताखाता तिकडेच बघत होते. भिंतीवर पाटी होती की दोन तासांच्या वर थांबता येणार नाही. पुण्य संपलं की स्वर्गातूनही खाली यावं लागतं, असं आपल्याकडे सांगितलंय. इथे मिनिटांत सांगितलं होतं.

चहा घेतला. साखर कमी होती. "साखर कमी आहे" हे सांगायला मी डावीकडे वळलो, तर तिथे एक तरुण कानांत बोंडं घालून डोळे मिटून बसला होता. चाळीस वर्षं जे वाक्य मी डावीकडे बोलत आलो, ते गिळावं लागलं. पाऊण तास अजून शिल्लक होता, तरी मी उठलो.

बाहेर सौ.च्या शेजारची माझी खुर्ची एका लहान मुलानं घेतली होती आणि तो नागलीची भाकरी संशयानं उलटून पाहत होता. त्याच्या आईनं त्याला मांडीवर घेतलं. मी बसलो. खुर्ची गार होती.

"लवकर आलात? काय काय होतं?"

"पोहे होते, उपमा होता, इडली होती, ब्रेड होता."

"पोहे कसे होते?"

"मटार घातलेले."

"इंदुरी की आपले?"

"कुणाचेच नव्हते."

"मग बरं झालं मला नाही सोडलं," ती म्हणाली आणि फडक्यातली अर्धी भाकरी माझ्यापुढे केली. "चटणी संपली पण. या बाईंना फार आवडली."