अन्न दिले, पण उघडणार कोण?

सुरतेच्या लिंबायत भागात खानदेशातून पोटासाठी आलेली मराठी कुटुंबे पुष्कळ आहेत. तेथील एखाद्या वृद्ध यंत्रमाग कामगाराची बोटे संधिवाताने आखडली, तर दुधाची पिशवी वा बाटलीचे झाकण त्याच्यापुढे कुलूपच होऊन बसते. शेजारी ते उघडून देतो. ती सेवा खरीच. परंतु घोटभर पाण्यासाठी प्रत्येक वेळी याचना करावी लागली, तर मनुष्याच्या मानाचे काय उरते? आमच्या मते, जिच्यायोगे सेवेची गरजच उणी होते, ती सेवा श्रेष्ठ होय.

वेष्टन घट्ट नसेल तर अन्न नासेल, हा आक्षेप रास्त आहे. पण धरण्याजोगे रुंद टोक वा फाडण्यासाठी लहानशी खाच ठेवल्याने घट्टपणा जात नाही. वेष्टन सुलभतेने उघडावे यासाठी २०१५ साली आंतरराष्ट्रीय मानक निघाले. आपल्या २०१६ च्या दिव्यांगजन अधिकार कायद्यानेही सर्वांस वापरता येतील अशा वस्तूंना उत्तेजन देण्याचे कर्तव्य शासनावर ठेवले आहे.

द्रोणातला प्रसाद कोणत्याही हाताला मोकळाच असतो. तोच प्रसाद आपण पिशवीत घालून वर गाठ मारतो. ती गाठ सैल ठेवण्यापासून आपण आरंभ करावा.