इस्टेट एजंटचा फोटो आणि गोरोबाकाकांचं थापटणं

तेर गावात ज्यांना सगळे गोरोबाकाका म्हणतात, त्या संत गोरा कुंभारांच्या घरी एकदा संतमंडळी जमली होती. ज्ञानदेव होते, निवृत्तीनाथ, सोपान, मुक्ताबाई होत्या, नामदेवही होते. कोपऱ्यात पडलेल्या थापटण्याकडे मुक्ताबाईंचं लक्ष गेलं. हे कशासाठी, असं त्यांनी विचारलं. मडकं कच्चं की पक्कं हे पारखण्यासाठी, असं उत्तर आलं. मग आमचीही मडकी पारखा, म्हणाल्या. काकांनी थापटणं उचललं आणि एकेकाच्या डोक्यावर मारत निघाले. बाकीचे गप्प बसले. नामदेव मात्र कळवळले, चिडले, आणि निकाल लागला की एवढं एकच मडकं कच्चं आहे. नामदेव तक्रार घेऊन पंढरपूरला विठ्ठलाकडे गेले, तर त्यानंही कुंभाराचाच निकाल कायम ठेवून त्यांना गुरू करण्यासाठी विसोबा खेचरांकडे धाडलं.

या कथेतली गंमत अशी की ज्याचा चेहरा देवाला सगळ्यांत ओळखीचा, तोच नापास झाला. गोरोबाकाकांनी कुणाच्या तोंडाकडे पाहिलंच नाही. त्यांनी फक्त आवाज ऐकला.

आता याच महाराष्ट्रात जमिनीचा सौदा कसा सुरू होतो ते पाहावं. कोणत्याही तालुक्याच्या गावाबाहेर ‘एनए प्लॉट उपलब्ध’ असा फ्लेक्स असतो, त्यावर चार-सहा चेहरे असतात आणि त्यातला एक इस्टेट एजंटचा असतो. व्हिजिटिंग कार्डावर तोच चेहरा, व्हॉट्सॲपच्या डीपीवर तोच. गिऱ्हाइकाची आणि त्याची गाठ पडण्याआधी फोटोशी गाठ पडलेली असते. साहजिकच एजंट फोटोग्राफरला सांगतो की फोटो असा काढा, बघताक्षणी विश्वास बसला पाहिजे. हे सांगणं वरवर व्यवसायाचं आहे, पण त्याच्या पोटात जुना धार्मिक प्रश्न दडलेला आहे. विश्वास कमावण्याआधी विश्वासू दिसणं हा खोटेपणा आहे का?

प्रश्न तेरला विचारण्यासारखा आहे, कारण अनोळखी माणसाशी व्यापार करणं हे या गावाचं दोन हजार वर्षांपूर्वीचं काम. हेच प्राचीन तगर. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवर्णनात पैठणपासून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर असल्याची नोंद आहे. इथून कापड गाड्यांवर लादून भडोचच्या बंदरात जायचं आणि तिथून समुद्रापार. जे. एफ. फ्लीट यांनी १९०१ मध्ये तगर म्हणजे तेर हे पटवून दिलं. गावातल्या रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयात गेलं की त्या व्यापाराचे पुरावे समोर दिसतात. त्यातली छोटी हस्तिदंती स्त्रीमूर्ती तर १९३८ मध्ये इटलीतल्या पाँपेईच्या ढिगाऱ्यात सापडलेल्या भारतीय मूर्तीची बहीण शोभावी अशी आहे. तेरचा विणकर रोमचं गिऱ्हाईक कधी पाहणार नव्हता आणि गिऱ्हाईक त्याला. मग भरवसा कशावर ठेवायचा? एक उत्तर होतं नाण्यावरचा चेहरा.

भडोचच्या बाजूला सत्ता असलेल्या क्षत्रप नहपानानं चांदीच्या नाण्यांवर आपलं मस्तक कोरून घेतलं होतं. त्या काळाचा अधिकृत हेडशॉटच तो. १९०६ मध्ये नाशिकजवळ जोगलटेंभीला तेरा हजारांहून अधिक नाण्यांचा साठा मिळाला आणि त्यातून दोन मजेदार गोष्टी कळल्या. एक, नाण्यांवरचे नहपान एकमेकांशी जुळत नाहीत. कुठे तरुण, कुठे म्हातारा, नाकाची ठेवणही वेगळी. दुसरी, त्यातल्या नऊ हजारांवर नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीनं नहपानाविरुद्धची लढाई जिंकल्यावर आपला ठसा मारला आहे. एका बाजूला पर्वताचं चिन्ह, दुसऱ्या बाजूला उज्जैनचं, म्हणजे एक ठसा सरळ नहपानाच्या तोंडावर. चांदी तीच राहिली, नाणं चालतच राहिलं. बाजाराला चेहऱ्याची गरज होती, पण तो खरा दिसतो की नाही याची फारशी फिकीर नव्हती. धातू खणखणीत वाजला की झालं.

आजच्या सौद्यात चेहरा कायद्यानंच आणून बसवला आहे. नोंदणी कायद्यात २००१ साली घातलेल्या ३२-अ कलमानुसार दस्त नोंदवताना फोटो आणि बोटांचे ठसे लागतात, स्थावर मालमत्तेच्या खरेदीत घेणाऱ्याचे आणि देणाऱ्याचे दोघांचेही. दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात कॅमेऱ्यासमोर बसून काढलेला तो फोटो कुणालाच आवडत नाही. डोळे मिटलेले, केस विस्कटलेले, मागे कुणाचा तरी हात. तरी कायद्याला तोच पुरतो. ही व्यक्ती इथे हजर होती, एवढंच त्याला म्हणायचं असतं. स्थावर मालमत्तेच्या व्यवहारांचं नियमन करणाऱ्या २०१६ च्या रेरा कायद्यानं एजंटलाही नोंदणी सक्तीची केली, अर्जासोबत त्याचा फोटोही मागितला. म्हणजे एजंटचे दोन फोटो तयार होतात. एक सरकारदरबारी ओळखीचा, दुसरा फ्लेक्सवर आवाहनाचा. पहिला म्हणतो, मी आहे. दुसरा म्हणतो, मी चांगला आहे. घोटाळा या दुसऱ्या वाक्यात आहे.

ते वाक्य लोकांना किती लवकर पटतं, हे मोजलं गेलं आहे. प्रिन्स्टन विद्यापीठातल्या जेनीन विलिस आणि अलेक्झांडर टोडोरोव्ह यांनी २००६ मध्ये दाखवलं की अनोळखी चेहरा सेकंदाच्या दहाव्या भागाएवढा दिसला तरी माणूस विश्वासू वाटतो की नाही हे बघणारा ठरवून टाकतो. जास्त वेळ दिला तर मत फारसं बदलत नाही. फक्त आपलं मत बरोबर आहे ही खात्री वाढते. यापेक्षा बोचरा प्रयोग २०११ चा आहे. नेदरलँड्समधल्या दोन प्रसिद्ध स्त्रियांचे वीस-वीस फोटो ब्रिटनमधल्या लोकांना दिले आणि माणसागणिक गठ्ठे लावायला सांगितले. त्या दोघींना न ओळखणाऱ्यांनी सरासरी सात-आठ गठ्ठे लावले. ओळखणाऱ्यांना दोनच माणसं दिसली. अनोळखी नजरेला एकाच माणसाचे फोटो वेगवेगळी माणसं वाटतात, आणि त्या प्रत्येकाविषयी ती ठाम मत बनवते. जोगलटेंभीच्या नहपानाचंही असंच काही झालं असेल, कोण जाणे.

तेव्हा चेहऱ्यावरून शील कळतं हा समज सोडलेला बरा. पण म्हणून एजंटनं फोटोच नीट काढू नये, असा निष्कर्ष काढणं हा सोवळेपणा झाला. वाईट फोटोही खोटंच बोलतो. हात लांब करून तीस सेंटिमीटरवरून काढलेल्या सेल्फीत नाक दीड मीटरवरून काढलेल्या फोटोपेक्षा सुमारे तीस टक्के रुंद दिसतं, असं २०१८ चा एक अभ्यास सांगतो. ते नाक त्या माणसाचं नाहीच, ते अंतराचं आहे. डोक्यावरच्या ट्यूबलाइटखाली डोळ्यांच्या खोबणीत अंधार साचतो आणि भला माणूसही काहीतरी लपवल्यासारखा दिसतो. तेव्हा चांगल्या फोटोचं पहिलं काम म्हणजे अशा फुकटच्या खोट्या साक्षी काढून टाकणं. कॅमेरा दीड-दोन मीटरवर आणि डोळ्यांच्या उंचीला असावा. उजेड खिडकीचा, समोरून किंचित बाजूनं यावा, म्हणजे बुबुळात एक ठिपका चमकतो आणि नजर जिवंत वाटते. पलीकडच्या गालावर सावली फार पडली तर पांढरा थर्माकोल धरला की भागतं. मागची भिंत साधी हवी. भाड्याचा ब्लेझर नको, जो सदरा घालून साइटवर जाणार तोच धुऊन, इस्त्री करून घालावा. हनुवटी जराशी पुढे घ्यावी, खांदे ढिले सोडावेत. हसू मात्र हुकमी येत नाही. फोटोग्राफरनं एजंटला त्याच्या पहिल्या सौद्याविषयी बोलतं करावं आणि बोलता बोलता बटण दाबावं. तीस-चाळीस फोटोंतला एक निघतो. आणि तो स्वतः निवडू नये, ज्यांच्याशी रोजचा व्यवहार आहे त्यांच्याकडून निवडून घ्यावा.

इथवर पाप कुठेच नाही. ते पुढे, संगणकावर सुरू होतं.

परवाची पुटकुळी पुसली तर हरकत नाही, चार दिवसांनी ती जाणारच होती. पण कपाळावरची जुनी खूण पुसणं, टक्कल भरून काढणं, दहा वर्षांपूर्वीचा फोटो चालवणं म्हणजे भलत्याच माणसाला आपल्या जागी उभं करणं. आता तर मोबाइलवरचं ॲप चार सेल्फींवरून कोट-टाय घातलेला, काचेच्या ऑफिसात उभा असलेला एजंट तयार करून देतं. तो कोट नाही, ते ऑफिस नाही, आणि खरं सांगायचं तर तो माणूसही नाही. शिवाय स्टुडिओतली ती जुनी खोड आहेच, न विचारता रंग दोन छटा उजळ करून देण्याची. ज्या मुलखाचं दैवत पंढरीचा काळा विठ्ठल आहे, त्या मुलखात सावळा एजंट गोरा झाल्याशिवाय विश्वासू दिसत नाही असं कुणाला वाटावं, याला काय म्हणावं?

इथे एक आक्षेप येऊ शकतो आणि तो वजनदार आहे. आपल्या धर्मजीवनात तर खऱ्या चेहऱ्याची पर्वा कुणी केली? गोरोबाकाकांचं समकालीन चित्र नाही. चिखल तुडवणारे, विठ्ठलनामात हरवलेले आणि पायाखाली लेकरू आलेले काका आपण ओळखतो ते नंतरच्या चित्रकारांनी रंगवलेले. १९३६ मध्ये प्रभातचा ‘संत तुकाराम’ हा चित्रपट आला. पूर्वी रंगभूमीवर स्त्रीभूमिका केलेले विष्णुपंत पागनीस त्यात तुकोबा झाले, आणि लोकांनी त्यांचंच छायाचित्र तुकोबांचं म्हणून घरात लावलं, हार घातले. नटाच्या तोंडाला नमस्कार करणारे ते लोक फसले होते का?

नव्हते. भक्त तसबिरीत नाकाचा आकार तपासत नाही. दगडाच्या मूर्तीत प्राणप्रतिष्ठा होते तेव्हा मूर्तीनं काही कबूल केलेलं नसतं. जे द्यायचं ते भक्तानं दिलेलं असतं, आणि मूर्ती हुबेहूब नसल्यानं त्याचं काही बुडत नाही. पागनिसांना नमस्कार करणाऱ्याच्या हाती तुकोबांची वाणी लागली, म्हणजे व्यवहार चोख झाला. एजंटच्या फोटोत सगळं उलटं आहे. तिथे प्राण घालण्याची जबाबदारी बघणाऱ्यावर नसून फोटोतल्या माणसावर आहे. गिऱ्हाईक श्रद्धा ठेवतं ती आयुष्याची कमाई पणाला लावून, आणि फोटो त्याला काहीतरी कबूल करत असतो. भक्तीची सवलत धंद्यानं मागायची नसते. फ्लेक्सवर संतांच्या चित्राशेजारी आपला फोटो लावून त्यांचा भरवसा उसना घेणारे नेमकी हीच सवलत मागत असतात.

म्हणून चांगल्या फोटोची कसोटी सौंदर्याची नाही आणि साधेपणाचीही नाही. फोटो पाहून आलेल्या माणसानं एजंटला गर्दीत क्षणात ओळखलं पाहिजे आणि तासभर बोलल्यावरही त्याला फोटोतलाच माणूस भेटल्यासारखं वाटलं पाहिजे. इतकं साधलं तर विश्वासू दिसणं खोटेपणा नाही, ते दिलेलं वचन आहे. नामदेवांच्या बाबतीत नेमकं हेच घडलं नव्हतं. रूप भक्ताचं होतं आणि पहिल्याच टोल्याला अहंकार बोलला. बरं, कुंभाराचं थापटणं नुसतं पारखत नाही, ओलं मडकं घडवतंही तेच. नामदेव पुढे पक्के झाले. भारतभर फिरले, त्यांची पदं शिखांच्या ग्रंथसाहिबात गेली. नापास एजंटालाही वाट बंद नाही.

मात्र थापटायचं काम गिऱ्हाइकाचं आहे, आणि त्याची साधनं हाताशी आहेत. एजंटला रेराचा नोंदणी क्रमांक विचारावा. आपण करून दिलेल्या प्रत्येक विक्रीत तो नमूद करणं त्याला कायद्यानं बंधनकारक आहे. विनानोंदणी काम केलं तर दिवसाला दहा हजार रुपये दंड, मालमत्तेच्या किमतीच्या पाच टक्क्यांपर्यंत. २०२३ पासून महारेरानं एजंटांना प्रशिक्षण आणि परीक्षाही लावली आहे. पण हा कायदा नव्या प्रकल्पांपुरता, त्यातही पाचशे चौरस मीटरपर्यंतचे किंवा आठ सदनिकांपर्यंतचे प्रकल्प वगळून. तेरसारख्या गावात व्यवहार बहुतेक जुन्या घरांचे आणि शेतजमिनींचे, तिथे क्रमांकाचा आधार नाही. तिथे सातबारा, फेरफार आणि मोजणीचा नकाशा स्वतः काढून बघावा, शेजारच्या बांधावरच्या शेतकऱ्याला विचारावं, आणि हे सगळं होईपर्यंत, एजंटचा फोटो कितीही छान असो, इसाराची रक्कम देऊ नये.