सांधा

माझे मामा बत्तीस वर्षं पाणीपुरवठ्यात लाईनमन होते. औरंगपुरा, गुलमंडी, खडकेश्वर या भागांतला एकेक व्हॉल्व्ह त्यांच्या हाताखालून गेलेला. रस्त्यावर पाणी साचलं की नवी पोरं तिथंच खोदायला लागायची. मामा मात्र चढाच्या बाजूला वीस-तीस पावलं जायचे, लोखंडी सळई जमिनीला टेकवायचे आणि तिच्या वरच्या टोकाला कान लावून उभे राहायचे. "फुटतं एकीकडं, दिसतं दुसरीकडं," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

या माणसाला गुदाशयाचा कॅन्सर झाला. ऑपरेशन नीट पार पडलं. पोटाच्या डाव्या बाजूला स्टोमा, म्हणजे मळ बाहेर यायचं नवं तोंड, आला, त्यावर पिशवी आली. पहिला महिना बरा गेला. दुसऱ्या महिन्यात गळती सुरू झाली. आधी रात्रीची चादर, मग सदरा. आणि मग माझ्या बहिणीच्या साखरपुड्यात, ऐन पंगतीत. ताटात वरणभात तसाच ठेवून मामा उठले, रिक्षा करून घरी गेले. कोणाला काही कळलंही नव्हतं, पण त्या दिवसापासून त्यांनी उंबरा ओलांडला नाही. जेवण अर्ध्या भाकरीवर आणलं. खाल्लंच नाही तर गळेल कशाला, हा हिशोब. मामीनं दोन महिने कोणाला सांगितलं नाही, कारण मामांनी शपथ घातली होती. शेवटी तिनं मला फोन केला, तेव्हा मामांचं वजन नऊ किलोनं उतरलं होतं.

मी गेलो तर मामा पलंगावर बसून पिशवीच्या कडेनं चिकटपट्टी लावत होते. खोकी बंद करायची ती, खाकी रंगाची. एकावर एक तीन थर. खालची कातडी लालभडक, सोललेली. मला काही सुचेना. तोंडातून एवढंच निघालं, "मामा, हे निघतंय कुठून, ते पाहिलंत का?"

मामांचा हात थांबला. माझ्याकडे बघत राहिले. मग मामीला म्हणाले, "ट्यूब लाव गं."

पाण्यानं भिजवत त्यांनी पिशवी कातडीला धरून ठेवणारी ती चिकट चकती सावकाश सोडवली. एरवी ती काढली की कागदात गुंडाळून टाकायची घाई असायची. त्या दिवशी पहिल्यांदा उलटी करून उजेडात धरली. चिकटणारी बाजू बहुतेक कोरडी, पिवळसर होती. फक्त खालच्या अंगाला, भोकापासून कडेपर्यंत, बोटभर रुंदीचा पट्टा पांढरट फुगून विरघळला होता. "हा बघ ओघळ," मामा म्हणाले. दोन महिन्यांत त्यांचा तो जुना आवाज मी पहिल्यांदा ऐकला.

दुसऱ्या दिवशी आम्ही ती चकती प्लास्टिकच्या डबीत घालून दवाखान्यातल्या सिस्टरांकडे नेली. त्यांनी मामांना आधी बसवलं, मग पुढं वाकायला सांगितलं. झोपून पाहिलं तर पोट सपाट. बसल्यावर मात्र स्टोमाच्या खाली खोल घडी पडत होती. ओघळ तिथूनच वाट काढत होता. दुसरी गोष्ट भोकाची. ऑपरेशननंतर सुजलेला स्टोमा सहा-आठ आठवडे आक्रसत जातो. मामा मात्र पहिल्याच मापानं चकती कापत होते. भोक स्टोमापेक्षा दोन-तीन मिलिमीटरच मोठं हवं. जास्त उघडी राहिलेली कातडी मळानं सोलते, ओलसर होते, आणि ओल्यावर काही चिकटत नाही. मामी मायेनं तिथं खोबरेल लावत होती. तेही बंद.

घडीत पेस्ट भरायची म्हटल्यावर मामा लगेच म्हणाले, "म्हणजे आपला सफेदाच की! सांधा कोरडा करायचा, दोरा-सफेदा भरायचा, मगच आवळायचं." सिस्टर हसल्या. चकती लावल्यावर तळहाताच्या उबेनं काही मिनिटं दाबून धरायची, हेही मामांना सांगावं लागलं नाही.

एक मात्र सांगावं लागलं. पैसे वाचवायला मामा एकच चकती दहा-दहा दिवस ओढत होते. आता ठरल्या दिवशी, सकाळी चहाच्या आधी, पोट शांत असताना बदलतात. मे महिन्याच्या घामात एक दिवस अलीकडे. चकतीखाली खाज किंवा जळजळ सुरू झाली तर त्याच तासाला. पिशवी एक तृतीयांश भरली की रिकामी, कारण वजनानं सांधा सुटतो. आमच्याकडे नळाला पाणी येतं ते आठवड्यानं कधीतरी, म्हणून झाकणाची एक बादली फक्त याच कामाची. झोपण्याआधी पिशवीतली हवा सोडायची. "पाणचक्कीच्या नहरीवर वाटेत ते मनोरे कशाला बांधलेत?" मामा मला विचारतात. "अडकलेली हवा निघायला. नळ नुसत्या पाण्यानंच नाही, हवेनंही फुटतात."

बहिणीच्या लग्नात मामा शेवटच्या पंगतीपर्यंत वाढत होते. खांद्याच्या पिशवीत कापून ठेवलेली चकती, रुमाल, पाण्याची बाटली, जादा सदरा. काहीच लागलं नाही.

परवा त्यांच्याकडे पैठणहून एक तरुण आला होता. कोणीतरी पत्ता दिलेला. बराच वेळ चपलेकडे बघत बसला. मामी चहा ठेवून आत गेली तेव्हा हळूच म्हणाला, "काका, माझी फार गळते हो."

मामांनी खुर्ची जवळ ओढली. "काढलेली चकती कुठंय?"

"फेकली."

"पुढची फेकू नकोस. घेऊन ये. दोघं मिळून बघू."