पहिले पाऊल उशिरा पडले तर...

"अजून चालत नाही?" सव्वा वर्षाच्या बाळाच्या आईला हा प्रश्न किती वेळा ऐकावा लागतो, हे तिचे तिलाच ठाऊक. मिस्सा संपल्यावर चर्चच्या आवारात, लग्नाच्या मांडवात, बाजारात. विचारणाऱ्याच्या मनात वाईट काही नसते. पुढचे वाक्यही ठरलेले असते, "आमची तर दहाव्या महिन्यातच चालायला लागली होती." आई कसनुसे हसते आणि घरी येऊन बाळाला बळेच उभे करू लागते.

दुसऱ्या एखाद्या घरी याच्या उलट घडते. बाळाला दीड वर्ष उलटून जाते. सून म्हणते, "एकदा डॉक्टरांना दाखवू या." सासूबाई म्हणतात, "याचा बापही उशिराच चालला. काही होत नाही." सून गप्प बसते.

थांबावे की धावपळ करावी? आधी माहिती काय सांगते ते पाहू. जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह पाच देशांतील निरोगी बाळांचा अभ्यास करून २००६ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. आधाराशिवाय चालण्याचे वय त्यात सुमारे आठ महिन्यांपासून साडेसतरा महिन्यांपर्यंत आढळले. काही बाळे तर हातागुडघ्यांवर कधी रांगलीच नाहीत, तरी चालली. तेव्हा शेजारच्या बाळाशी तुलना करण्यात अर्थ नाही. घाईने वॉकर आणण्यातही नाही. त्यामुळे चालणे लवकर येत नाही, अपघात मात्र होतात. म्हणूनच कॅनडाने २००४ साली वॉकरच्या विक्रीवर बंदी घातली.

परंतु अठरा महिने पूर्ण होऊनही बाळ चालत नसेल, तर त्याला डॉक्टरांना दाखवलेच पाहिजे. बाळ एकाच बाजूचे हातपाय वापरत असेल, अंग फार सैल किंवा ताठ असेल, येत असलेली गोष्ट विसरले असेल, तर तेवढेही थांबू नये. खुब्याचा सांधा जागेवर नसणे, मुडदूस, स्नायूंचा किंवा मेंदूचा विकार, अशी कारणे यामागे असू शकतात. खुब्याचा दोष किंवा मुडदूस वेळीच लक्षात आला तर उपचार सोपे होतात. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अशा विलंबाची तपासणी मोफत होते.

खरा प्रश्न मात्र आपल्या मनाचा आहे. धीर आणि दुर्लक्ष बाहेरून अगदी सारखे दिसतात. दोन्हींत माणूस थांबलेलाच असतो. मग फरक कसा ओळखायचा? आपली नजर कुठे आहे, यावरून. तुलना करणाऱ्याची नजर शेजारच्या बाळावर असते. "काही होत नाही" म्हणणाऱ्याची नजर बरेचदा स्वतःच्या भीतीवर असते. डॉक्टर काय सांगतील, लोक काय म्हणतील, सुनेच्या माहेरी काय वाटेल. दोघेही समोरच्या बाळाकडे पाहत नाहीत. धीर धरणारा मात्र रोज पाहतो. काल धरून उभे राहिले, आज एक हात सोडला का? असे पाहणाऱ्यालाच कधी थांबायचे आणि कधी उठायचे, हे कळते.

काही बाळे खूप उशिरा चालतील. काही कदाचित कधीच चालणार नाहीत. त्यांच्या आईने काही पाप केले, असे कुणी सुचवू नये. तिच्या दुःखात आपण घातलेली ती भर असते. बाळाची किंमत त्याच्या पावलांवर ठरत नाही. होशेय संदेष्ट्याच्या ग्रंथात अकराव्या अध्यायात देव आपल्या प्रजेला हाताला धरून चालायला शिकवणाऱ्या बापासारखा दिसतो. चालायला शिकवणाऱ्याला खाली वाकावे लागते आणि बाळाच्या चालीने चालावे लागते.

पुढच्या रविवारी चर्चच्या आवारात अशी एखादी आई भेटली, तर "अजून चालत नाही?" असे विचारू नका. बाळाला कडेवर घ्या. "दवाखान्यात जायचे असेल तर सांग, मी सोबत येते," एवढे म्हणा. तिला त्याचीच गरज असते.