सावलीचं कडं

२०२० च्या उन्हाळ्यात शाळांना कुलपं लागली आणि शहरातल्या घराघरांत मोबाइलवर वर्ग भरू लागले. विदर्भातल्या खेड्यांत मात्र अडचण सरळ होती. घरात स्मार्टफोन असलाच तर एक, आणि तोही सकाळी बापाच्या खिशातून कामावर जाणार. त्या दिवसांत आकाशवाणीच्या नागपूर केंद्रावरून ‘शाळेबाहेरची शाळा’ सुरू झाली. विभागातलं प्रशासन, जिल्हा परिषदा आणि ‘प्रथम’ ही संस्था यांनी मिळून ती उभी केली. मंगळवार, गुरुवार, शनिवार, सकाळी साडेदहाची वेळ, मध्यम लहरींवर ५८५ किलोहर्ट्‌झ. जोडीला ‘प्रथम’कडून पालकांच्या फोनवर लहान लहान उपक्रम संदेशातून जायचे. घरात आहे त्याच सामानात मुलांनी ते करून पाहायचे.

चित्र नाही, पडदा नाही. तरीही मुलं रेडिओजवळ येऊन बसली, आणि त्याचं एक कारण मला फार मोलाचं वाटतं. या कार्यक्रमात मुलांच्या मुलाखती होत. आपल्याच तालुक्यातल्या जिल्हा परिषद शाळेची पोर आकाशवाणीवर बोलतेय, हे ऐकणाऱ्या मुलाच्या कानांवर काय परिणाम होत असेल! आपणही बोलू शकतो, आपल्यालाही कुणी विचारू शकतं, ही आशा त्या आवाजातून पोचली.

बालभारतीच्या पुस्तकांत क्यूआर कोड त्याच्या आधीच आले होते. फोन धरला की धड्याचा व्हिडिओ उघडतो. सोय चांगली आहे, मी तिला नावं ठेवणार नाही. पण साधन समोर असणं वेगळं आणि मुलाने ते आपलंसं करणं वेगळं. आजही नागपूरच्या कुठल्याही अभ्यासिकेत डोकावा. कानात इअरफोन, व्याख्यान दीडपट वेगाने पुढे धावतंय आणि समोरची वही कोरी. मुलगा आळशी आहे म्हणून हे होत नाही. त्या व्हिडिओला त्याच्याकडून काही नकोच आहे.

अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ रिचर्ड मेयर यांनी शब्द आणि चित्रं एकत्र आली की माणूस कसा शिकतो, यावर अनेक वर्षं प्रयोग केले. नुसत्या शब्दांपेक्षा शब्दांसोबत चित्र असेल तर समज वाढते, हे त्यांनी दाखवलं. त्याचबरोबर विषयाशी संबंध नसलेलं संगीत, सजावट, मनोरंजक पण फालतू तपशील घातले की शिकणं कमी होतं, हेही. आपल्याकडे शैक्षणिक व्हिडिओ करणाऱ्यांनी यातला पहिला भाग लगेच उचलला. दुसऱ्याकडे अजून म्हणावं तसं लक्ष गेलेलं नाही.

आमच्या शेजारची एक नववीतली मुलगी सुट्टीत ऑनलाइन विज्ञानाचा वर्ग करत होती. नागपुरात २६ मेच्या सुमारास सूर्य भर दुपारी बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या वस्तूची सावली तिच्या पायाखालीच जाते. हाच शून्य सावली दिवस. त्याचं ॲनिमेशन वर्गातल्या सगळ्यांनी पाहिलं होतं. मग मॅडमनी सांगितलं, आता तुमचं तुम्ही चित्रण करा आणि त्यावर तुमच्या आवाजात समजावून सांगा.

पोरीने गच्चीवर स्टीलचा पेला ठेवला आणि फोन धरून उभी राहिली. घड्याळात बारा वाजून दहा मिनिटं. ऊन असं की फरशीवर पाय टेकवत नव्हता. आणि तिथूनच ती ओरडली, ‘‘आई, सावली तर दिसूनच राहिली!’’ पेल्याच्या बुडाभोवती बारीक काळं कडं होतं. ॲनिमेशनमधल्या खांबाला असं काही नव्हतं. ती चिडली, मग वाकून बघत बसली. कडं चारही बाजूंनी सारखं होतं. पेला वर रुंद आणि खाली निमुळता, म्हणून काठाची सावली बुडाभोवती पडते, हे तिला तिथे उन्हात उमगलं. तिने पेला उपडा घातला. कडं गेलं.

आता हे आवाजात सांगायचं होतं. रेकॉर्डिंग करताना ती मध्येच अडखळली, कारण कडं सारखं का, हे तिला शब्दांत धरता येईना. तिने ते पुसलं, पुस्तक उघडलं, पुन्हा बोलली. माझ्या मते तिचा खरा अभ्यास या पुसण्यात झाला. दुसऱ्याचा व्हिडिओ पाहताना आपल्याला सगळं समजल्यासारखं वाटत राहतं. स्वतः बोलायला लागलं की कुठे समजलेलं नाही ते लगेच कळतं. म्हणून शिक्षकांना माझं कळकळीचं सांगणं आहे, की ‘हा व्हिडिओ पाहून या’ असा गृहपाठ देताना ‘आणि मला दोन मिनिटं बोलून पाठवा’ एवढं जोडा. त्याला महागडं ॲप लागत नाही, व्हॉट्सॲपवरचा आवाजी संदेश पुरतो. मुलांना तो पाठवायला कुणी शिकवावंही लागत नाही.

तिने तो व्हिडिओ दिल्लीच्या मामेभावाला पाठवला. त्यानेही दुपारी पेला ठेवून पाहिला आणि उलट चित्रण धाडलं. त्याच्या पेल्याची सावली एका बाजूला स्पष्ट पडलेली. मग दोघांची फोनवर जुंपली. नकाशे निघाले. कर्कवृत्त भोपाळच्या थोडं उत्तरेवरून जातं, दिल्ली त्याच्याही कितीतरी वर, तेव्हा तिथे सूर्य कधीच नेमका डोक्यावर येत नाही, हे त्यांनी आपसांतच सोडवलं. नागपुरात हा योग जुलैच्या मध्यानंतर पुन्हा येतो, पण तेव्हा आभाळ भरलेलं असतं. भोपाळला मात्र तो जूनच्या मध्याला, म्हणजे बहुधा पाऊस लागण्याआधीच. सध्या दोघं भोपाळमध्ये पेला ठेवणारं कुणी नात्यात आहे का, ते शोधताहेत.