ही बेरीज म्हणजे दावा नव्हे

बसू नकोस, उभा राहा. हा दावा तू लिहिलास? 214 दिवसांची मुदतवाढ मागितली आहेस. कुठून आले हे 214? हिंडरन्स रजिस्टरमधल्या चौदा नोंदींचे दिवस एकाखाली एक मांडलेस आणि खाली रेघ ओढलीस. ही बेरीज चौथीतल्या पोरालाही येते.

तिसरी नोंद वाच. कुंपणभिंतीचं ड्रॉइंग 45 दिवस उशिरा मिळालं. त्या कामाला फ्लोट किती होता? 60 दिवस. म्हणजे त्यापायी इमारत एका दिवसानेही लांबली नाही. आता पाचवी. पायाच्या अर्ध्या जागेचा ताबा 20 दिवस उशिरा मिळाला. हे काम क्रिटिकल पाथवर होतं, इथे तुझी बाजू खरी आहे. आणि नेमकी हीच नोंद तू एका ओळीत उरकलीस! सहाव्या नोंदीचे 15 दिवस तर याच 20 दिवसांच्या पोटात आहेत. तेच दिवस दोनदा मोजलेस. लवादासमोर ही एक गोष्ट उघडी पडली की तुझ्या खऱ्या 20 दिवसांवरही कोणी विश्वास ठेवणार नाही. त्या 20 दिवसांवर ठेकेदाराला दंड लागतो की नाही हे ठरणार आहे, कळतंय का तुला?

वर म्हणतोस, ‘सर, प्रिमावेरात इम्पॅक्टेड अ‍ॅज-प्लॅन्डही केलंय.’ काय केलंस? मूळ बेसलाइनमध्ये मालकाचे उशीर खुपसलेस आणि शेवटची तारीख सरकलेली पाहून खूश झालास. साइटवर प्रत्यक्ष काय झालं, ते त्यात आहेच कुठे? क्रिटिकल पाथ जागा बदलतो रे. मार्चमध्ये पाया क्रिटिकल होता, ऑगस्टमध्ये लिफ्टची खरेदी. तुझ्याकडे दर महिन्याची अपडेट्स पडून आहेत, ती उघडलीसुद्धा नाहीस. लंडनच्या सोसायटी ऑफ कन्स्ट्रक्शन लॉने 2002 च्या प्रोटोकॉलमध्ये टाइम इम्पॅक्ट अ‍ॅनालिसिसला झुकतं माप दिलं होतं. घटना घडून बराच काळ लोटल्यावरच्या विश्लेषणापुरता तो आग्रह 2017 च्या आवृत्तीत त्यांनीच सोडला, सहा पद्धती मांडल्या आणि करार, परिस्थिती, उपलब्ध नोंदी बघून निवडा म्हणाले. तू नोंदी न बघताच पद्धत निवडलीस.

सगळ्यात जास्त राग मला कशाचा आलाय, सांगू? सेंटरिंगची टोळी निघून गेली आणि दुसऱ्या मजल्याचा स्लॅब 18 दिवस अडला. रोजच्या अहवालात ते लिहिलंय, खाली तुझीच सही आहे. दाव्यात त्याचा एक शब्द नाही! उलटतपासणीत पहिला प्रश्न यावरच येईल. त्याच काळात मालकाचाही क्रिटिकल उशीर खरोखर चालू असेल, तर समांतर उशीर म्हणून दाखव. त्या प्रोटोकॉलप्रमाणे मुदत तरीही मिळते. मालकाच्या उशिराचा खर्च वेगळा काढता आला नाही, तर पैसे मिळत नाहीत. स्वतःची चूक दाबून ठेवलीस तर मात्र मुदतही जाते आणि तुझा शब्दही.

हे कागद परत ने. रोजचे अहवाल, पोअर कार्डं, स्टीलची चलनं बाहेर काढ. फेब्रुवारीअखेरचं अपडेट घे, मार्चमध्ये खरोखर काय झालं ते त्यात भर आणि शेवटची तारीख किती सरकली, कुठल्या कामामुळे सरकली, तेवढं एका पानावर लिही. फक्त मार्च. मी तपासल्याशिवाय एप्रिलला हात लावू नकोस.